क्यूची शेपूट

“पंखा बंद करा,” थोरली सवयीनं म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, कुंचला आज आपल्या हातात नाहीच.

तो धाकट्या जावेच्या हातात होता.

अक्षरं काढण्याचा हा घरचाच धंदा. पुढच्या खोलीत कागदावर शाईनं वीतभर उंचीची रोमन अक्षरं उभी राहत. मग त्यांचा टाइप बनून ती मथळ्यांत, पाट्यांवर मिरवत. या खेपेची मोठी देखणी होती. उभा दांडा बोटाएवढा जाड, त्याला बिलगलेली रेघ केसासारखी बारीक, पायाशी पात्यासारखी टाच. ती केसाची रेघ काढायची वेळ आली की घर थांबायचं. पंखा थांबायचा, कपबशी थांबायची, बोलणारा अर्ध्या शब्दावर थांबायचा. इतकी वर्षं सगळं थोरलीसाठी थांबलं. मग तिचा हात थरथरू लागला आणि दांडे काळे भरणं तेवढं तिच्या वाट्याला आलं. जाड रेघेत थरथर लपते.

“वहिनी, तुम्हाला पंखासुद्धा घाबरतो हो,” बटण दाबत दीर हसला.

“पंखाच घाबरतो. माणसं कुठली घाबरायला!”

एक क्यू तेवढा उरला होता. काल एसचं वळण पाहून थोरलीचा नवरा धाकटीला ‘वा!’ म्हणाला होता. थोरलीच्या बाबतीत ‘हं, ठीक’च्या पुढे त्याची गाडी उभ्या जन्मात गेली नव्हती. तो ‘वा’ कालपासून कुसळासारखा सलत होता.

धाकटीनं श्वास रोखला. क्यूच्या पोटाखालून शेपूट निघाली, बारीक, लवलवती, पाण्यावरून सरकल्यासारखी. थोरली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. मोडू दे, तिच्या मनात आलं. एकदा तरी मोडू दे. आणि तिनं ट्रेमधला चमचा बोटानं लोटला.

खण्ण!

रेघ फेंगडी झाली.

“अगं, आत्ताच पाडायचा होता?” नवरा कडाडला.

“ओरडू नका दादा. माझाच श्वास आधी सुटला,” धाकटी म्हणाली. तिची नजर चमच्यावरून थोरलीच्या बोटापर्यंत गेली आणि तिथून गुपचूप वळली. “ताई, तुम्ही कशी काढायचात हो? मला भीती वाटतेय.”

हे थोरलीला त्या ‘वा’हूनही झोंबलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“त्यात सांगायचं काय! सरक जरा.”

कोरा कागद आला. धाकटीनं पोट आखलं, थोरलीनं काळं भरलं. मग शेपटीसाठी कुंचला धाकटीकडेच ठेवून थोरली कागद धरायला गेली, तर हाताबरोबर कागदाचा कोपराही थरथरू लागला. तिनं दोन्ही तळवे टेकवून अंगाचा भार टाकला. कागद निमूट झाला.

शेपूट निघाली. धाकटीबरोबर थोरलीचाही श्वास कोंडला, वळणासोबत मान वळली. टोकाशी कुंचला उचलला तेव्हा दोघींचा श्वास एकदमच सुटला.

“वा!” नवरा म्हणाला. धाकटीकडे बघून.

थोरलीनं पंखा लावला, तिथंच पडलेला चमचा उचलला आणि गार झालेला चहा घेऊन ती आत गेली. कागदाच्या दोन कोपऱ्यांवर तिचे घामाचे तळवे उमटले होते. वाऱ्यानं ते हळूहळू वाळत गेले.