चाळीस मिनिटं

कहकशाने चेंबरचं लोखंडी झाकण दोन्ही हातांनी सरकवलं आणि गुडघ्यांवर बसून आत बॅटरी मारली. आठ फूट खाली पाणी आता घोट्याएवढंच होतं. व्हॉल्व्हच्या तिसऱ्या नटाला पान्हा तसाच अडकलेला होता. चार नटांपैकी दोन निघाले होते. तिसरा गंजलेला असावा. उखर्डूभाऊंचा वेळ तिथेच गेला.

शनिवारी दुपारी नगरपालिकेचे हे कामगार व्हॉल्व्हच्या साफसफाईला उतरले होते. ते आत असतानाच व्हॉल्व्ह उघडला. सैल झालेल्या जोडातून पाणी असं सुटलं की वर यायला त्यांना शिडीच सापडली नाही.

ती पंपघरात परत आली आणि तिने कॉम्प्युटरवरची नोंद पुन्हा वाचली. झाकण उघडलं, बारा वाजून दहा मिनिटांनी. व्हॉल्व्ह उघडला, बारा पन्नासला. मधला वेळ बरोबर चाळीस मिनिटांचा होता. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

भुसावळपासून तासाभराच्या अंतरावरचं हे शहर. पाच वर्षांपूर्वी नगरपालिकेने एका कंपनीकडून सगळे व्हॉल्व्ह विजेवर करून घेतले होते. कराराची मुदत संपली तशी कंपनीने यंत्रणा बंद केली. पासवर्ड कंपनीकडे, प्रोग्राम कंपनीचा, आणि व्हॉल्व्ह चालवणारा डबा सीलबंद. ऐन मे महिन्यात शहर अकरा दिवस कोरडं राहिलं. तेव्हा पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता असलेल्या कहकशाने धुळ्याच्या प्रेमराजनानांना फोन केला होता. नाना तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. दोघांनी मिळून नवा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वाचावा, कुणीही न्यावा, सुधारावा. धुळ्याकडच्या चार गावांनी तो घेतला. कुणी एक ओळ बदलली तरी कुणी, कधी आणि का बदलली, ते पाचही गावांना दिसायचं.

फोन वाजला. नानाच होते.

"बेटा, मार्चमधला तुझा बदल पाहिला मी आत्ता."

तिने पडद्यावर तो बदल उघडला.

झाकण उघडलं की व्हॉल्व्हला आपोआप कुलूप लागायचं. वर आलेल्या माणसाने बटण दाबलं की ते निघायचं. माणसं बटण दाबायला विसरायची आणि वस्तीला पाणी मिळायचं नाही. बाया हंडे घेऊन नगरपालिकेच्या दारात यायच्या. मार्चमध्ये कहकशाने दोन ओळी घातल्या होत्या: चाळीस मिनिटं झाली की कुलूप आपोआप निघेल आणि वेळापत्रकाप्रमाणे पाणी सुटेल. एवढा वेळ कोण बसतं आत, असं तिला वाटलं होतं.

"तपासून मंजूर मीच केला होता," नाना म्हणाले. "एका लग्नात होतो. मोबाइलवर वरवर वाचला आणि हो म्हटलं."

"चौकशी समितीने भाऊंवर ढकललंय, नाना. परवानगी न घेता उतरले म्हणून. उद्या सह्या होतील."

"ते तुमच्याकडचं. पण आज सोमवार आहे. चारही गावांत साफसफाईचा दिवस."

तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा.

"दुरुस्ती मी पाठवते. पाच मिनिटांत."

"पाठव. पण नुसतं 'सुधारणा' एवढंच लिहिलंस तर ते आठवडाभर हात लावणार नाहीत. कारण काय लिहायचं ते तू ठरव. तुझ्या नावाखाली माझंही घाल."

तिने त्या दोन ओळी काढल्या. कारणाच्या चौकटीत आधी 'तातडीचे' लिहिलं, ते पुसलं. मग लिहिलं: 'माणूस आत असताना कुलूप निघते. शनिवारी आमचे उखर्डूभाऊ यामुळे गेले. चूक माझी. तपासणी प्रेमराज यांची. ताबडतोब घ्या, आणि कुणी आत असेल तर आधी वर बोलवा.'

तिने बटण दाबलं.

सात मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. 'घेतला.' मग दुसरं, मग तिसरं. चौथ्याला वेळ लागला. ती खुर्चीतून उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. अकराला पाच कमी असताना पडद्यावर ओळ उमटली: 'घेतला. आमचा माणूस आत होता. पस्तीस मिनिटं झाली होती. वर आला.'

कहकशाने दुपट्ट्याचं टोक तोंडावर दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर तिच्याच वाक्यांची छापील प्रत होती. जुन्या कंपनीच्या माणसाने आणून दिलेली.

"इतकं खुलं लिहायची काय गरज होती, मॅडम?" साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "समितीने मिटवलं होतं सगळं."

"दुसऱ्या गावात माणूस आत होता, सर."

"तुमच्या प्रोग्रामने माणूस मारला, असं आता मंत्रालयापर्यंत जाणार. मी काय सांगू?"

"खरं आहे तेच सांगा."

महिनाभरात तिला निलंबनाचा कागद मिळाला. पंपघरात कंपनीचा नवा डबा बसला, पुन्हा सीलबंद. उखर्डूभाऊंवरचा ठपका मात्र निघाला.

त्यानंतर ती भागाबाईंकडे गेली. उखर्डूभाऊंची बायको. धुळ्याकडची, बोलणं अजून माहेरचंच, अहिराणी. ओट्यावर त्या तूर पाखडत होत्या. कहकशाने उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन ओळी, चाळीस मिनिटं, बायांचे हंडे. काही वगळलं नाही. भागाबाईंचं सूप मध्येच थांबलं, पुन्हा हललं.

"कागदवर आते त्यास्नी चूक नही शे ना?"

"नाही, अक्का."

"माले ते लिखी दे. तुना हातनं."

तिने पर्समधला कागद काढून लिहिलं, सही केली. भागाबाईंनी घडी घालून तो कमरेला खोचला. 'बस' म्हणाल्या नाहीत.

"हिलालले नोकरी भेटनी," त्या म्हणाल्या. हिलाल त्यांचा तीस वर्षांचा मुलगा. "बापनी जागा. सोमवारपासून तोच उतरी."

त्यांनी सुपात आणखी तूर घेतली.

"त्या नवा डबामा ती चूक शे का नही?"

"माहीत नाही, अक्का. तो आम्हाला उघडून बघता येत नाही."

भागाबाईंनी सूप खाली ठेवलं. दाराआड हिलाल खाकी शर्टाला नगरपालिकेची पट्टी शिवत बसला होता. त्याने ऐकलं असावं. मान वर केली नाही.

"खांबावरचा विजेचा खटका पाडला की व्हॉल्व्हची मोटर बंद राहते," कहकशा हळूच म्हणाली. "पण तो कुणी परत चढवू नये म्हणून जवळ माणूस उभा लागतो. सगळा वेळ."

भागाबाईंनी दाराकडे पाहिलं.

कहकशाने उंबऱ्यापाशी जाऊन आत पाहिलं.

"हिलालभाऊ, सोमवारी किती वाजता उतरणार?"