तक्रारपेटीवरचा मोर

बदनापूरजवळच्या एका गावात नक्षीकामात कडूबा सुताराचा हात धरणारा कुणी नव्हता. पायानं चालवायच्या बारीक करवतीवर तो सागाच्या फळीतून कागद कापावा तशी वेलबुट्टी कापायचा. १९९४ साली पंचायतीत तक्रारपेटी ठेवायचा हुकूम आला, तेव्हा सरपंच राधाकिसनरावांनी त्यालाच गाठलं.

कडूबानं आठ दिवस खपून पेटी केली. झाकणावर पिसारा फुलवलेला मोर, चारी बाजूंनी वेल. शेवटी चिठ्ठ्यांसाठी फट पाडायला त्यानं पेन्सिलीनं खूण केली.

सरपंच म्हणाले, "तिथं नको. मोराची छाती फाटंल."

"मंग बाजूला पाडू?"

"तिथं वेल हाय. राहू दे अशीच."

"मंग लोकं चिठ्ठी कुठून टाकतील?"

"लोकायची काही तक्रार न्हाई. तू कशाला काढून राह्यला?"

कडूबाच्या गल्लीतला हापसा दोन महिने बंद होता. बायको चतुराबाई वेशीबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणायची. पण मोर खरोखरच देखणा झाला होता. त्याच्यावर करवत चालवायला कडूबाचाही जीव होईना. त्यानं खूण पुसून टाकली.

महिन्याभरानं तपासणीला साहेब आले. पेटी उघडली, तर रिकामी. एकही तक्रार नसलेलं गाव, असा शेरा मारून त्यांनी सरपंचांची पाठ थोपटली आणि कडूबाला शाल पांघरली.

कडूबानं ती घरी नेऊन कौतुकानं दाखवली. चतुराबाईनं बोटांनी चाचपून पाहिली.

"मऊ हाय," ती म्हणाली. तिनं शालीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलून विहिरीकडं निघाली.