पाठीचा एक इंच

आमच्या शिवणाच्या कारखान्यात मला सगळ्या जणी ‘शंकासूर’ म्हणतात. तोंडावर म्हणतात म्हणून चालतं. पाठीमागे काय म्हणतात ते कळावं यासाठी मी दोनदा डबा विसरल्याचं निमित्त करून अचानक परत आले आहे. दोन्ही वेळा त्या पोरांच्या परीक्षांबद्दल बोलत होत्या. मला बघून विषय बदलला असणार.

मी मुळात अशी नव्हते. माझ्या नणंदेने गळ्याची पट्टी कशी बसवायची ते महिनाभर माझ्याकडून शिकून घेतलं. रोज यायची, माझाच चहा प्यायची, “वहिनी, तुझ्या हाताला तोड नाही गं,” म्हणायची. महिना संपला आणि तिने माझ्या समोरच्याच गल्लीत दुकान थाटलं. पाटीवर लिहिलं, ‘गळ्यांचे खास काम’. तेव्हापासून कोणी गोड बोलायला लागलं की मी आधी पर्स जवळ ओढते, मग ऐकते.

कारखान्यात बारा मशिनं आहेत आणि खिडकीपाशी एकच मोठं टेबल. ते मास्तरांचं. गिऱ्हाईक बायकांची मापं आम्ही बायकाच घेतो, चिठ्ठीवर लिहितो आणि टेबलाच्या कडेच्या खिळ्याला चिठ्ठी अडकवतो. मास्तर माणूस बघत नाहीत, चिठ्ठी बघतात. तेवढ्यावरून कोऱ्या कागदावर आकार काढतात, कापड कापतात, आणि कपडा अंगात गेला की त्या बाईला वाटतं, या माणसाने आपल्याला लहानपणापासून पाहिलंय. पॅटर्न काढणं म्हणतात ते हेच. बाकी आम्ही सगळ्या त्यांनी कापलेलं जोडणाऱ्या. अकरा वर्षं मी जोडतच आले होते.

एका सोमवारी मालकीणबाईंनी सगळी मशिनं थांबवायला लावली. “हा हंगाम संपला की मास्तर काम थांबवणार आहेत. तोवर तुमच्यापैकी कोणी कोऱ्या कागदावरून जाकीट काढून दाखवलं, तर टेबल तिचं. नाहीतर मी बाहेरून माणूस आणणार.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी टेबलाकडे बघितलं. ते मला हवं होतं. इतकं हवं होतं की त्या दिवशी मी तीन बाह्या उलट्या लावल्या आणि तिन्ही उसवत बसले.

अडचण एकच होती. मास्तरांची सून आमच्याकडेच काजं-बटणं करते. शांत पोरगी, मान खाली घालून काम करणारी. शांत माणसांचा मला जास्तच संशय येतो. घरात मास्तर, कारखान्यात मास्तर, मग टेबल कोणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

मी ठरवलं, आपण पुस्तकावरून शिकायचं, कोणाचे उपकार नकोत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पॅटर्नची तीन पुस्तकं निघाली. पहिलं उशीएवढं जाड, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी हसऱ्या बायका. दुसरं पातळ, एकही फोटो नाही, नुसत्या रेघा आणि आकडे. तिसऱ्यात प्रत्येक आकृती पानात मावेल अशी बारीक केलेली, आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी चहाचा डाग. तासभर उभी राहून मी तिन्ही चाळली. तिन्ही तितकीच शहाणी वाटली आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल, एक म्हणे इतका खोल, दुसरं म्हणे त्याहून वर. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, “तिन्ही न्या. नको असतील ती पंधरा दिवसांत परत आणा.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा पाय माझ्या पिशवीला लागला. मशिनाखाली लपवून ठेवली होती तरी लागला. लगेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“पुस्तकं आणलीस का? कशी निवडणार?”

“वाचून,” मी तुटक बोलले.

“वाचून काय कळतंय! आधी बाहीचं पान काढ. मुंढ्याचा गोल नि बाहीचा गोल मोजून ताडून बघायला सांगतंय का बघ. नसेल सांगत तर लिहिणाऱ्याने कधी बाही लावलेली नाही. मग शिवणीसाठी सोडायची माया त्या आकृतीत धरलेली आहे का वेगळी सोडायची, ते स्पष्ट लिहिलंय का बघ. नाहीतर दोनदा सोडशील आणि कपड्यात दोघी मावतील.” मग म्हणाले, “पण खरी परीक्षा अंगावर. असं कर, पुस्तकं माझ्याकडे ठेव. तुझी मापं लिहून दे. तिन्हींवरून एकेक मांजरपाटाची चोळी काढतो. जी तुझ्या अंगाला नीट बसेल ते तुझं पुस्तक.”

आता मला सांगा, असं कोण कोणासाठी करतं? जो माणूस आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही पाठ टेकत नाही, तो माझ्यासाठी तीन चोळ्या काढणार? माझी पुस्तकं, माझी मापं, आणि शिकणार त्यांची सून. मला नणंदेची पाटी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. घरी जाऊन मी धाकट्या बहिणीकडून मापं घेतली, सवयीप्रमाणे दोनदा. खांदा, छाती, कंबर, सगळं खरं लिहिलं. पाठीची रुंदी चौदा इंच भरली. मी पंधरा लिहिलं. एवढंच. शिकू दे सुनेला खोट्या पाठीवर. चिठ्ठीची घडी घालताना मला इतकं हुशार वाटत होतं की मी आरशात बघून हसले.

मग माझी पाळत सुरू झाली. सून आणि मास्तर रोज एकत्र घरी जात आणि माझी पुस्तकं तिच्या पिशवीत असत, त्यांच्या नव्हे. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती काजं करता करता पुटपुटत होती, “मागचा मुंढा पुढच्यापेक्षा कमी खोल...” माझा घास हातातच राहिला. काजं-बटणंवालीला मुंढ्याशी काय करायचंय?

एका संध्याकाळी वाट वाकडी करून मी त्यांच्या घरावरून गेले. खिडकी उघडी होती. जमिनीवर खाकी कागद पसरलेला, मास्तर गुडघ्यांवर बसलेले, आणि सून मांडीवर माझं जाड पुस्तक घेऊन मोठ्याने वाचत होती. बघा! रंगेहाथ! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, आनंद झाला. पंधरा लिहिलं ते किती बरं केलं, असं म्हणत मी घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत गेले.

दहाव्या दिवशी मास्तरांनी हाक मारली. कापडांच्या खोलीत सुनेने दार लावलं, मला तिन्ही चोळ्या एकामागून एक घालायला लावल्या आणि दर वेळी दार उघडून मास्तरांना आत घेतलं. पाठीवर खडूने १, २, ३ असे आकडे टाकले होते.

पहिली घातली. पाठीला, दोन्ही मुंढ्यांच्या कडेला कापडाची उभी घडी पडली. सुनेने ती बोटात धरून मास्तरांना सांगितलं. दुसरी घातली, तिथेच घडी. तिसरीलाही तिथेच.

चोळी मी काढून दिल्यावर मास्तरांनी ती कापडाच्या गठ्ठ्यावर पसरली आणि अंगठ्याने शिवणीवरून फिरत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कापडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर भिंतीकडे होती आणि बघण्याचं सगळं काम अंगठा करत होता.

“बाबांना अक्षर दिसत नाही, ताई,” सून हळूच म्हणाली. “वर्ष झालं. संध्याकाळी चिठ्ठ्या घरी नेऊन मीच वाचून दाखवते, बाबा पाठ करून येतात. कोणाला सांगू नका. तुमची पुस्तकं मी पानोपान वाचली त्यांना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काही वाक्यं तोंडात बसलीत.”



“तिन्ही पुस्तकं एकाच जागी चुकणार नाहीत,” मास्तर म्हणाले. “तिघांची पद्धत वेगळी. मग एकच उरतं.”

“माप चुकलं असेल,” सून म्हणाली.

“हिची चिठ्ठी?” मास्तर हसले. “अगं, अकरा वर्षांत हिची एक चिठ्ठी चुकलेली नाही. ही स्वतःच्या सावलीलाही दोनदा मोजते. सगळ्यांच्या चिठ्ठ्या मी परत मोजायला पाठवल्यात, हिची कधी नाही.” त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि गठ्ठ्यावर ठेवली. “माझा हात गेला. डोळे गेले तेव्हा म्हटलं, हात आहे. आता हातही गेला. जा गं, बाईंना बोलावून आण. सांगतो, हंगामाची वाट नको, आजपासून टेबल हिला द्या. पुस्तकाविनाही शिकेल ही.”

सून दाराकडे निघाली. मला फक्त गप्प बसायचं होतं. दहा पावलांवर टेबल, आणि देणारा माणूस स्वतः देत होता. ज्याने ते माझ्यापासून चोरल्याचा मी दहा दिवस पुरावा गोळा केला होता, तोच देत होता. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

“थांब,” मी म्हटलं. “मास्तर, चिठ्ठी खोटी आहे.”

“कुठे?”

“पाठीला. एक इंच जास्त. मुद्दाम.”

“का?”

“मला वाटलं, तुम्ही हिला शिकवताय. माझ्या पुस्तकांवरून.”

मग मास्तरांनी सुनेला खूण केली. तिने टेप उचलली आणि माझी पाठ मोजली. “चौदा,” ती म्हणाली. मास्तरांनी तिला तिन्ही चोळ्यांच्या पाठीला जास्तीचं कापड दुमडून टाचण्या लावायला सांगितल्या. मी परत तिन्ही घातल्या. जाड पुस्तकाच्या चोळीत हात वर होईना. तिसरी छातीवर ढगळ होती. दुसरी, रेघांच्या पातळ पुस्तकाची, अशी बसली की मी श्वास घेतल्याचंही कापडाला कळत होतं.

“म्हणजे हात आहे,” मास्तर म्हणाले. त्यांनी टेप परत गळ्यात घातली. “दोन नंबरचं ठेव. बाकीची परत कर.”

मी माफी मागितली. “बरं बरं,” म्हणाले. ते रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं.

त्या पातळ पुस्तकावरून मी शिकले. रोज काम सुटल्यावर तासभर मास्तर स्टुलावर बसायचे, मी वाचायची, ते “परत वाच” म्हणायचे. हंगाम संपताना मालकीणबाईंनी खिळ्यावरची एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. अक्षर सुनेचं. पाठ साडेतेरा, डावा खांदा अर्धा इंच उतरता. ती गिऱ्हाईक बाई बाहेर बाकावरच बसलेली होती. जाऊन एकदा मोजून यावं म्हणून माझा जीव कासावीस झाला. मी टेपला हात लावला नाही. सुनेने लिहिलं तसं जाकीट काढलं, आणि ते बसलं. टेबल मला मिळालं.

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा सून काजांमध्ये अडकली होती, म्हणून माप मीच घेतलं, दोनदा, आणि चिठ्ठी खिळ्याला अडकवली. मास्तर निरोप घ्यायला आले होते, माझी कात्री मांडीवर घेऊन धार बघत बसले होते.

“कोणाची चिठ्ठी?” त्यांनी विचारलं.

“माझी.”

त्यांनी मान वळवून शांतपणे हाक मारली, “सूनबाई, त्या बाईंना जरा थांबव. मापं परत घे.”

तिने घेतली. एकेक आकडा तोच आला. मास्तर सगळे आकडे ऐकेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.