गोल झाला, पण नांदेडला

मराठवाड्यातल्या फुटबॉलच्या इतिहासाचे दोन कालखंड पडतात : गुरुलिंग हलकुडे सरांच्या आधीचा आणि सरांच्या नंतरचा. हे वाक्य खुद्द हलकुडे सरांनीच लिहिलेलं असून त्यांच्या ‘फुटबॉल पॅटर्न’ या वेबसाइटच्या पहिल्या पानावर, त्यांच्याच फोटोखाली, जाड ठशात झळकत होतं. आधीच्या कालखंडाबद्दल फारशी माहिती मिळत नाही. नंतरचा सुरू होऊन अकरा महिने झाले होते आणि तो वाचायला दिवसाला सरासरी सदतीस माणसं येत. त्यांपैकी नऊ वेळा सर स्वतःच येत.

सरांनी उभ्या आयुष्यात फुटबॉलला एकदाच पाय लावला होता, भूकंपाच्या साली. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव सगळं पडलं आणि राहिलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये आली. मदतीला आलेल्या एका परदेशी तुकडीनं पोरांना चेंडू दिला. सोळा वर्षांच्या गुरुलिंगनं तो डोळे मिटून असा हाणला, की थेट दीडशे माणसांच्या पिठल्याच्या कढईत. त्या दिवशी कँपात लोक भूकंपानंतर पहिल्यांदा हसले, असं सिंधुताई, म्हणजे सरांच्या बायको, अजून सांगतात. त्या शेजारच्या गावच्या. समोरच्याच रांगेतल्या शेडमध्ये होत्या. सर हाच प्रसंग ‘मराठवाड्यातला पहिला नोंदलेला गोल’ म्हणून सांगत. कढईचा उल्लेख ते टाळत.

पुढे सर लातूरला आले, फिजिक्स शिकले, मग शिकवू लागले. ट्यूशन एरियात क्लासेसची होर्डिंगं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तेव्हा त्यांतलं एक सरांचं होतं. सहाशे पोरं, टेस्ट घ्यायला आठ कॉम्प्युटरची खोली आणि ऑफिसला शिवमूर्ती नावाचे अतिशय काटेकोर गृहस्थ. एवढं झाल्यावर माणसाला इतिहासात जावंसं वाटतं.

वेबसाइट सरांनी क्लाससारखीच चालवली. ‘ऑफसाइड : चार गुणांसाठी हमखास येणारे मुद्दे.’ ‘गेल्या दहा वर्षांत कोणत्या कोपऱ्यातून गोल विचारले गेले?’ सामन्याचं वर्णन ते असं करत : ‘दिलेले : यजमान दोन, पाहुणे एक. काढायचे : का?’ खाली चार पायऱ्यांत उत्तर आणि उत्तराभोवती चौकट. वाचणाऱ्याला सामना बघितल्यासारखं वाटत नसे, पण त्यावर परीक्षा असती तर आपण पास झालो असतो, एवढं नक्की वाटे.

इथवर सगळं ठीक होतं. मग नांदेडच्या अनिमेषनं ‘गोल झाला रे’ काढलं.

दुसऱ्या कुणी काढलं असतं तर सरांनी हसण्यावारी नेलं असतं. पण अनिमेष हा सरांचाच विद्यार्थी. आई-वडील दोघं नांदेडला मास्तर. पोराला बारावीसाठी लातूरला ठेवलेलं. फिजिक्समध्ये शंभरपैकी नव्व्याण्णव. त्याचा फोटो सरांच्या होर्डिंगवर तीन वर्षं होता, सरांच्या फोटोपेक्षा अर्थातच लहान. मग तो नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनीअर झाला आणि चांगली नोकरी सोडून फुटबॉलबद्दल लिहीत बसला. त्याच्या वेबसाइटवर इंग्लंड होतं, तसंच नांदेड जिल्ह्यातलं हदगावही होतं. कापूस निघाल्यावर मोकळ्या रानात पोरं खेळतात त्याचे फोटो, उमरीच्या गोलकीपरची मुलाखत.

“उमरीचा गोलकीपर!” सर शिवमूर्तींना म्हणाले. “कोण विचारतंय हो त्याला?”

“त्याचे पाहुणे विचारत असतील की सर,” शिवमूर्ती म्हणाले. “उमरीच्या माणसाला पाहुणे लई असतात.”

पाहुणे खरंच लई होते. ‘गोल झाला रे’च्या तळाशी एक छोटा आकडा असे, आज किती जण किती वेळा आले त्याचा. सर तो दर तासाला बघत. सकाळी दोनशे, दुपारी पाचशे, संध्याकाळी आठशे. आकडा वाढला की सरांच्या बरगडीखाली काहीतरी बारीक चावे. वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना फळ्याकडे तोंड करून ते मोबाइल बघत पुटपुटत आणि पोरं ते वहीत लिहीत : ‘आठशे बारा? बोगस.’ दोघांनी ते टेस्टमध्येही लिहिलं.

अशात पुण्याहून पत्र आलं. इंग्लंडातल्या हार्टवेल टाउन या क्लबाला भारतात भाषेभाषेचं अधिकृत चाहते-मंडळ काढायचं होतं आणि ते काम पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. मुग्धा नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, की मराठीसाठी दोन वेबसाइट निवडल्या आहेत, एक लातूरची, एक नांदेडची. महिनाअखेर जिचे खरे वाचक जास्त, ती अधिकृत.

अधिकृत! सरांनी तो शब्द तीनदा वाचला. हार्टवेल टाउनबद्दल त्यांना काल काही माहीत नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत त्यांचं त्या क्लबावर बालपणापासून प्रेम होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना क्लब नको होता. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की अनिमेषला तो मिळू नये. शिष्यानं गुरूच्या पुढे जावं, असं ते दर निरोप समारंभात म्हणत आणि ते म्हणताना त्यांचा आवाज भरून येई. प्रत्यक्ष कुणी जाईल अशी त्यांची कल्पना नव्हती.

ट्यूशन एरियात एक जुना रिवाज आहे. समोरच्या क्लासची टेस्ट झाली की संध्याकाळपर्यंत तिचा पेपर आपल्याकडे येतो. तो पोरांना वाटायचा आणि म्हणायचं, यातल्या चुका शोधा. पोरांचा सराव होतो, समोरच्याची इज्जत जाते आणि आपण काही बोललेलो नसतो. सरांनी हाच रिवाज फुटबॉलला लावला.

“‘गोल झाला रे’ उघडायचं,” त्यांनी सगळ्या रेग्युलर बॅचेसना सांगितलं. “त्यातली चूक शोधायची. तारीख, नाव, आकडा, काहीही. एका चुकीला रविवारच्या टेस्टमध्ये एक गुण जास्त.”

लातूरमध्ये एका गुणासाठी माणूस काय करील याचा अंदाज बाहेरच्याला यायचा नाही. पहिल्या आठवड्यात पोरांनी दोनशे अकरा चुका काढल्या. आठ कॉम्प्युटर दिवसभर अडकलेले, उरलेली पोरं मोबाइलवर. कोण किती वाजता बसलं, किती वाजता उठलं, याचं रजिस्टर शिवमूर्ती सहीनिशी ठेवत.

सरांनी रोज त्या चुकांची यादी अनिमेषला पाठवायला सुरुवात केली. सोबत एक ओळ : ‘मन लागत नसेल तर सोडून दे.’

रोज उत्तर येई : ‘धन्यवाद सर. दुरुस्त केलं. तुमच्यासारखं बारकाईनं कोण बघतंय?’

चुका दुरुस्त झाल्या, म्हणून नव्या सापडेनात. सापडेनात, म्हणून पोरं जुन्या पानांवर गेली, हदगावच्या सगळ्या मुलाखती दोन-दोनदा वाचू लागली. तळाचा आकडा दोन हजारांवर गेला, मग साडेतीन हजारांवर. सरांचं जेवण कमी झालं.

“बोगस करायलाय पोरगा,” ते ताटावर बसून म्हणाले. “एका महिन्यात आठशेचे साडेतीन हजार होतात का कुठं?”

सिंधुताईंनी भाकरी वाढली. “अहो, तुमचीच पोरं बघायलीत की दिवसभर.”

“ती वाचत नाहीत. ती चुका शोधतात.”

“आणि त्या आकड्याला कसं कळायलंय, कोण वाचतंय अन् कोण चुका शोधतंय?”

“सिंधु, मी फिजिक्स शिकवतो,” सर म्हणाले. घरात वाद मिटवायला ते हे वाक्य वापरत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपीटर बॅचचीही दीडशे पोरं कामाला लावली. काम : ‘गोल झाला रे’चा आकडा बोगस असल्याचा पुरावा शोधणे. पुराव्याला दोन गुण. आकडा पाच हजारांच्या पुढे गेला. मग सरांनी मुग्धाबाईंना सविस्तर तक्रार लिहिली, चार पायऱ्यांत, शेवटी चौकट.

महिना संपला त्या सोमवारी मुग्धा लातूरला आली. येताना तिनं अनिमेषलाही बोलावून घेतलं होतं. भर दुपारी सगळे सरांच्या ऑफिसात बसले. अनिमेष आल्या आल्या सरांच्या पाया पडला. तो जाड झाला नव्हता, टकलाही झाला नव्हता, हे सरांनी खिन्न मनानं नोंदलं.

“सर, तुमची तक्रार आम्ही फार गांभीर्यानं घेतली,” मुग्धा लॅपटॉप उघडत म्हणाली. “सगळं तपासलं. आकडे खरे आहेत.”

“शक्य नाही.”

“माणसं खरी आहेत, सर. एकेक जण पाऊण-पाऊण तास वाचतोय. असं आम्ही आजवर कुठल्याच भाषेत पाहिलं नाही. फक्त एक गंमत आहे. शंभरातले एकाहत्तर वाचक नांदेडचे नाहीतच, लातूरचे आहेत. आणि त्यातले बरेचसे, म्हणजे मला इथं जे दिसतंय त्यावरून, याच बिल्डिंगमधून येतात.”



“बरोबर हाय मॅडम,” शिवमूर्ती अभिमानानं पुढे झाले. सरांची बाजू सावरायची वेळ आली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. “एक माणूस खोटा न्हाई. रजिस्टर हाय आपल्याकडं. तारीख, वेळ, सही.” आणि त्यांनी तीन रजिस्टरं टेबलावर आणून ठेवली.

मुग्धानं पाच-सहा पानं लॅपटॉपशी ताडून पाहिली. मिनिटाचाही फरक नव्हता. “इतका चोख पुरावा आम्हाला कुणी दिला नव्हता,” ती म्हणाली. “मग अधिकृत मंडळ नांदेडला देतेय. तुमची हरकत नाही ना, सर?”

सरांनी हरकत असलेला माणूस हसतो तसं हसून दाखवलं.

अनिमेषच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, मला वाटलं होतं तुम्हाला माझं हे काम पटत नाही. आणि तुम्ही इकडं सहाशे पोरं...”

“साडेसातशे,” शिवमूर्ती म्हणाले. “रिपीटर धरून.”

“अनिमेष,” सर उठून उभे राहिले, “शिष्यानं गुरूच्या पुढे जावं.” आवाज नेहमीसारखा भरून आला, फक्त या खेपेला कारण वेगळं होतं. बरगडीखाली जे चावत होतं त्यानं आता घास घेतला होता. तरी सर दहा मिनिटं बोलले. भूकंप, पत्र्याचं शेड, पहिला गोल, हातातला खडू, असूया हा माणसाचा मोठा शत्रू. मुग्धानं ते मोबाइलवर रेकॉर्डही केलं. आपण फुटबॉलमधून आजपासून निवृत्त होत आहोत आणि यापुढे त्या विषयाकडे ढुंकूनही बघणार नाही, असं सांगून सर खाली बसले.

“अजून एक विचारायचं होतं, सर,” मुग्धा निघता निघता म्हणाली. “‘गोल झाला रे’च्या वाचकांत एक मलप्पा म्हणून आहेत. लातूरचेच. निकाल ओळखायच्या स्पर्धेत दुसरे आहेत. एकही सामना सोडत नाहीत. उद्घाटनाला त्यांचा सत्कार करायचाय, पण ते पत्ता देत नाहीत. तुमच्या क्लासचे आहेत का?”

“आपल्या रजिस्टरला मलप्पा कोणी न्हाई,” शिवमूर्ती ठामपणे म्हणाले.

सर खिडकीबाहेरच्या होर्डिंगकडे बघत होते. “असेल कुणीतरी,” ते म्हणाले.

मंडळी जिन्यानं उतरली. मुग्धा गाडीत बसली, शिवमूर्ती दार लावायला धावले. अनिमेष शेवटच्या पायरीवर होता, तेवढ्यात वरून सरांनी त्याला हाक मारली. तो धावत परत आला. सरांनी दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि बारावीच्या वर्गात कुणाला तरी बाजूला घ्यावं तसं त्याला कोपऱ्यात घेतलं.

“काही नाही रे,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या त्या स्पर्धेत परवाच्या सतराव्या प्रश्नाची उत्तरतालिका चुकलीय. पेनल्टी दुसऱ्या हाफात होती. मलप्पाला तेवढा एक गुण वाढवून दे, पहिला येतो तो.”