बघितलं की आठवतं

मी एक पिवळा हायलायटर. टोपण नीट बसत नाही, शाई तळाला गेलीय, म्हणून जे सांगायचं ते घाईतच सांगतो. एका बाईचं वाटोळं करण्यात माझा हात आहे.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मोठा तोरा होता. आपण ज्या ओळीवरून फिरणार ती माणसाच्या डोक्यात पक्की बसणार, असंच मला वाटायचं. दुकानातून मला जिनं उचललं ती हॉस्पिटलात आया होती. वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणतात. पंधरा वर्षं रुग्णांच्या चादरी बदलल्यावर तिनं नर्सिंगच्या परीक्षेचा ध्यास घेतला. संधी तीनच मिळतात. दोन वाया गेल्या होत्या, ही शेवटची.

कष्टांत तिनं कसूर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत, कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर, बाजूला डबा, मांडीवर पुस्तक आणि हातात मी. आधी महत्त्वाच्या ओळी रंगवल्या, मग बऱ्या वाटलेल्या, मग उरलेल्याही. नवरा म्हणाला, "अगं, नको असलेल्या ओळीच रंगवल्या असत्यास तर लवकर आटपलं असतं!" ती हसली. पान पिवळं झालं की तिला बरं वाटायचं, आणि मीही फुशारून जायचो.

माझे डोळे उघडले ते तिच्या लेकीमुळे. सहावीतली पोर. एका संध्याकाळी तिनं पानावर तळहात ठेवला.

"आई, शॉकची लक्षणं सांग. न बघता."

"नाडी जलद... अंग गार..." मावशी अडली. "हात काढ गं. बघितलं की सगळं आठवतं मला."

"बघून तर मलाही सांगता येईल!"

पोरीनं हात काढला नाही. मावशी चाचपडली, चुकली, चिडली, घामाघूम झाली. पण दहा मिनिटांनी पाचही लक्षणं तिच्या तोंडून निघाली. मग तिनं पुस्तक ओढून घेतलं. "तुला खेळ सुचतोय. माझे दोन धडे रंगवायचे राहिलेत अजून."

आठवड्यानं वॉर्डात चादर घालताना ती काहीतरी पुटपुटत होती. मी खिशात होतो. शॉकची पाचही लक्षणं, न अडखळता! एवढ्या जाड पुस्तकातलं तेवढं एकच पान तिचं झालं होतं. अगं मावशी, तेच का आठवलं, विचार कर ना! मी नुसता तडफडलो. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. घरी येऊन तिनं पुन्हा मलाच हातात घेतलं.

शेवटी मी कोरडा पडून पाहिलं. तिनं टोकावर पाण्याचा थेंब सोडून मला पुन्हा कामाला लावलं.

आज परीक्षा आहे. दारात शिपाई म्हणाला, "बाई, पिशवी बाहेर ठेवा. आत फक्त पेन." तिनं घाईनं पानं चाळली. "सगळं ओळखीचं आहे," स्वतःशीच म्हणाली, आणि मला पुस्तकात खोचून, पिशवी दाराशीच ठेवून आत गेली.

तुमच्या घरी कुणी असं पान रंगवत बसलं असेल, तर हात जोडतो, मला त्याच्या हातातून काढून घ्या. पुस्तक मिटा आणि विचारा. रागावलं तरी विचारा.

पिशवीच्या तोंडातून मला ती दिसतेय. पेन थांबलंय, डोळे मिटलेत. डावं पान की उजवं, ओळ वर की खाली, सगळं तिला दिसत असणार. पण नुसतं पिवळं. अक्षरं इथं बाहेर, माझ्यापाशी राहिलीत.