मला ‘सर्दीचं तेल’ म्हणणारं घर

मित्रांनो, मी तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे, माझ्या पोटात निलगिरीचं तेल आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात. मला ते आज जमणार नाही.

कारखान्यात मला मुद्दाम तपकिरी केलं, कारण उजेडाने आतलं तेल खराब होतं. बूच घट्ट बसवलं, कारण तेल उडून जातं. अंगावर कागद चिकटवला आणि त्यावर सरळ मराठीत छापलं, की हे निलगिरी तेल आहे, नुसतं अंगाला लावू नये, लहान मुलांपासून आणि आगीपासून दूर ठेवावे. एवढं सगळं करणारे लोक काही खुळे नव्हते.

बदनापूरच्या कल्याणने मला जालन्याहून आणलं. त्याची आई पुष्पाबाई हिवाळाभर खोकायची. गरम पाण्याच्या पातेल्यात माझे दोन थेंब आणि डोक्यावरून चादर, की तिचं नाक मोकळं. “लई गुणाचं हाये बरं का. बराबर काम करतं,” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कौतुक कुणाला नको असतं? मीही फुगले.

हेळसांडही तिथूनच सुरू झाली. बूच कधी धड लागलं नाही. तेल ओघळून कागद चिकट झाला, तर कल्याणने तो नखाने खरवडून टाकला. मला जागा मिळाली न्हाणीच्या खिडकीत, भर उन्हात, खोबरेलाच्या बाटलीला खेटून. कागदाबरोबर माझं नावही गेलं. घरातले मला ‘सर्दीचं तेल’ म्हणू लागले. सर्दी कुणाची आणि तेल वापरायचं कसं, हे त्या नावात कुठेच नव्हतं. फोडणीत पडतं तेही तेल, डोक्याला थापतात तेही तेल, आणि मीही तेलच! वा रे वा!

मग घरात छकुली आली, कल्याण आणि दैवशालाची पहिली लेक. रोज सकाळी पुष्पाबाई पाय लांब करून नातीला पायांवर घ्यायची, न्हाऊ घालायची आणि कोमट खोबरेलाने तिची टाळू भरायची. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

थंडीतल्या एका सकाळी छकुलीचं नाक चोंदलं होतं. खोबरेल गोठून घट्ट झालेलं. दैवशाला अंगणात कपडे वाळत घालत होती. पुष्पाबाईचा हात माझ्याकडे वळला.

“सर्दीचंच तं तेल हाये. मोकळं व्हईल लेकराचं नाक,” ती म्हणाली आणि तिने मला तळहातावर उलटं केलं.

मला ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं! ज्याचे दोन थेंब पातेलंभर पाण्याला पुरतात, ते तेल चार महिन्यांच्या लेकराच्या टाळूवर! हाताला उरलेलं तिने छकुलीच्या नाकाखाली आणि छातीवर चोळलं. छकुली आधी किंचाळली. मग तिला ठसका लागला, श्वास अडकू लागला आणि मान टाकून ती गप्प झाली.

वास येताच दैवशाला धावत आत आली. “आत्या, काय लावलं तिला?” तिने सासूला विचारलं.

“सर्दीचं तेल गं. दुसरं काय?”

दैवशालाने लेकीला हिसकावून घेतलं, साबण लावून तिचं डोकं, तोंड आणि छाती धुतली, कोरड्या कपड्यात गुंडाळलं. कल्याणने शेजारची रिक्षा दारात आणली. निघता निघता दैवशालाने मलाही पदरात घेतलं. त्या घरात त्या दिवशी झालेलं शहाणपण एवढंच.

“काय लावलंय हिला?” दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तेल,” कल्याण म्हणाला.

“कसलं तेल?”

“सर्दीचं.”

“अहो, त्याला काही नाव आहे की नाही?” त्या कडाडल्या. दैवशालाने मला टेबलावर ठेवलं. वास घेताच बाईंनी मला ओळखलं आणि छकुलीला ऑक्सिजन लावला. “एवढ्या लहान लेकराच्या जवळसुद्धा हे न्यायचं नसतं!”

छकुली वाचली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दूध प्यायली, तेव्हा पुष्पाबाई भिंतीकडे तोंड करून रडली. मला तिची दया आली नाही असं नाही, पण राग जास्त आला.

घरी आल्यावर शेजारच्या दुर्गाबाई आपल्या नातवाला कडेवर घेऊन भेटायला आल्या. “झाडपाल्याचं तं हाये ते,” त्या म्हणाल्या. “त्यानं काय व्हतंय? डॉक्टर लोक उगंच भेव घालून राह्यले.”

दैवशालाने आता मला वरच्या कपाटात कुलपात ठेवलेलं होतं. तिने कुलूप उघडलं, माझं बूच काढलं आणि मला दुर्गाबाईंसमोर धरलं. “मंग घ्या. भरा तुमच्या नातवाची टाळू. आत्ता, माझ्यासमोर भरा.”

दुर्गाबाईंचा हात काही पुढे आला नाही. त्यांनी नातवाचं डोकं झटकन पदराखाली घेतलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणत नाही. माझ्यापासून लेकरांना जपा. तुमच्या घरात माझी एखादी बहीण उघड्या बुचाने, बिननावाची, लेकराचा हात पोचेल अशा जागी किंवा शेगडीजवळ बसलेली असेल. माझी कहाणी ऐकून हळहळत बसू नका. उठा आणि आधी तिला तिथून हलवा!