चुन्याखालचा क्रिस्टोफर

ब्राइटबाखच्या चर्चची किल्ली रोझिना बिंडरकडे असे, आणि किल्लीपेक्षा तिच्या जिभेचा धाक मोठा. गावातले सॅक्सन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले जर्मन वंशाचे लोक, नव्वद साली घरदार विकून जर्मनीला गेले, मागे उरले नऊ. तरी ईस्टरच्या आधी चर्चच्या भिंतींना चुना लागायचाच, आणि बहात्तराव्या वर्षीही रोझिना पदर खोचल्यासारखा एप्रन खोचून स्वतः ब्रश मारायची. फक्त वरच्या सज्ज्यात, जिथे पूर्वी बिनलग्नाची पोरं बसत, तिथली दोन वीत जागा ती सोडून द्यायची. सगळी भिंत पांढरीशुभ्र आणि मध्येच तो कळकट डाग. पाद्रीबुवांनी एकदा त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही प्रवचनाचं बघा."

डागात सुतारी पेन्सिलीने लिहिलं होतं: आंद्रेस शुलेर, जानेवारी १९४५. हा तिच्या माहेरचा, तिचा थोरला भाऊ, सतरा वर्षांचा. महायुद्धाच्या शेवटी रशियन सैन्याने जर्मन वंशाचे म्हणून सॅक्सनांना रशियात खाणीवर राबायला धरून नेलं, त्या सकाळी तो आपल्या बसायच्या जागी येऊन नाव लिहून गेला. परत आलाच नाही. पत्र नाही, थडगं नाही. सात वर्षांच्या रोझिनाला पुढे त्याचा चेहराही आठवेना, पण ते वळणदार अक्षर तिला पाठ होतं.

त्या उन्हाळ्यात क्लुज शहरातून इलिंका आली. जुनी चित्रं उघडी करणं हे तिचं काम. काही शतकांपूर्वी गाव संतांना न भजणाऱ्या प्रोटेस्टंट पंथात गेलं, तेव्हा भिंतीवरच्या संतांवर चुना फासला होता. इलिंका बारीक सुरीने तो थराथराने उचलत होती. आधी पाण्यातले दोन दांडगे पाय निघाले, मग मासे, मग खांद्यावरचं मूल. रोझिना रोज सूप घेऊन यायची आणि सुरी नीट धरत नाही म्हणून तिला बोलायची. पोरगी तिला फार आवडली होती.

महिन्याने इलिंका चाचरत म्हणाली, "मावशी, याचे डोळे तुमच्या डागाखाली आहेत."

"राहू देत. एवढा आडदांड उघडा केलास, डोळ्यांवाचून काय अडलंय?"

"तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. पण काढायचं ठरलं तर आधी नावाचा फोटो..."

"फोटो काही आंद्रेसने लिहिलेला नाही."

इलिंका सुरी पुसू लागली. जरा वेळाने रोझिनानेच विचारलं, "आहे तरी कोण हा?"

"क्रिस्टोफर. माणसांना खांद्यावर घेऊन नदीपार नेणारा संत. लोक सकाळी मुद्दाम येऊन याच्या डोळ्यांत बघून जायचे. मग त्या दिवशी मरण येत नाही, असं मानायचे."

"खुळं एकेकाची," रोझिना सवयीने म्हणाली. मग बाकावर टेकली. "म्हणजे पोरगा जाताना इथेच उभा होता. अगदी याच्या नाकासमोर. आणि दोघांच्या मध्ये आमचा चुना."

दोन दिवस तिने चर्च उघडलंच नाही. इलिंका दारावरून परत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी रोझिना सज्ज्यात आली आणि तिने हात पुढे केला. "आण ती सुरी."

"मावशी, नक्की ना?"

"माझा हात थरथरतो. वरून धर."

तिने आधी नावावरून एकेक अक्षर बोट फिरवलं. मग दोघींच्या हातांनी सुरी चालली. खपल्या तिच्या एप्रनवर पडत राहिल्या, आणि ती रडत होती, ते तिने लपवलंही नाही. दुपारपर्यंत दोन पिंगट डोळे मोकळे झाले. जरासे तिरळेच होते.

रोझिना त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली. जन्मात कुठल्या संताशी न बोललेली ती बाई घसा साफ करून म्हणाली, "आंद्रेस शुलेर. सतरा वर्षांचा, डावखुरा. नदीपलीकडे कुठेतरी आहे. जा, घेऊन ये त्याला."